परवानगी आहे म्हणजे तपासलेलं आहे, असं नसतं

तुमची प्रतिक्रिया वाचली आणि उत्तर द्यायला मुद्दाम दोन दिवस घेतले. लगेच लिहिलं असतं तर शब्द सांभाळता आले नसते. रोजच्या वापरातल्या वस्तूंमधली घातक रसायनं आणि त्यांच्यावरचे कायदे, या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत : "रसायनशास्त्राचा गंध नसलेल्यांनी लोकांना घाबरवू नये. जे विकायला परवानगी आहे ते तपासलेलंच असतं. विष मात्रेवर ठरतं." त्यापुढे लहान उत्पादकांवर पडणाऱ्या खर्चाबद्दल दोन परिच्छेद.

मतभेदाचं मला वावडं नाही. पण "गंध नसलेल्यांनी"? मी कोण, काय केलंय, हे विचारण्याचीही तसदी न घेता? तर सांगतो. अकरा वर्षं मी एका तपासणी प्रयोगशाळेत खेळण्यांवरचा रंग खरवडला आहे. ब्लेडने रंग सोलायचा, खालच्या लाकडाचा कण येऊ द्यायचा नाही, तो नायट्रिक आम्लात विरघळवायचा आणि शिसं मोजायचं. एक लाकडी घोडा अजून डोळ्यांसमोर आहे. अंगाचा लाल रंग मर्यादेत होता, पण लगामाचा नखाएवढा पिवळा पट्टा मर्यादेच्या कित्येक पट वर गेला. लेड क्रोमेट, म्हणजे शिशाचंच पिवळं रंगद्रव्य. तेवढ्या पट्ट्याचा पुरेसा रंग जमवायला आम्हाला पाच घोडे खरवडावे लागले. ते पाच घोडे निवडून कोणी आणले होते? उत्पादकानेच. म्हणून अहवालावर लिहिलेलं असतं की निष्कर्ष फक्त सादर केलेल्या नमुन्यापुरते आहेत. दुकानात पोचलेल्या बाकीच्या मालाला आमचा हातही लागलेला नसतो.

आता तुमचं ते मधलं वाक्य. "परवानगी आहे ते तपासलेलंच असतं." माझा सगळा लेख याच समजुतीविरुद्ध होता आणि तुम्ही तीच मला उत्तर म्हणून परत दिलीत.

अमेरिकेचं घ्या. तिथे १९७६ मध्ये विषारी पदार्थांवर नियंत्रणाचा कायदा आला, तेव्हा वापरात असलेली सुमारे ६२,००० रसायनं कोणतीही चाचणी न मागता तशीच यादीत घेतली गेली. ती विकायला परवानगी होतीच, पण तपासली कोणी होती? पुढे १९८९ मध्ये तिथल्या सरकारी पर्यावरण संस्थेने ॲस्बेस्टॉसच्या बहुतेक वापरांवर बंदी घातली. ॲस्बेस्टॉसने कर्करोग होतो याबद्दल तेव्हा कुणाला शंका उरली नव्हती. तरीही १९९१ मध्ये न्यायालयाने त्या बंदीचा बराचसा भाग रद्द केला, कारण उद्योगावर कमीत कमी बोजा टाकणारा उपाय हाच आहे हे संस्थेला दाखवता आलं नाही. ती अट कायद्यातून निघायला २०१६ उजाडलं. इतकी वर्षं "परवानगी आहे" या शब्दांमागे काय होतं, याचा जरा विचार करा.

युरोपने २००७ मध्ये उलटा नियम केला : माहिती नाही तर बाजार नाही. रसायन सुरक्षित वापरता येतं हे दाखवायचं ओझं कंपनीवर आलं. चांगलाच कायदा आहे, मी लेखात तसं म्हटलंही होतं. पण तिथेही माहिती कंपनीच भरते, आणि सुरुवातीला त्यातल्या कमीत कमी ५ टक्के नोंदींची छाननी करणं एवढंच बंधन युरोपच्या रसायन संस्थेवर होतं. पुढे ते प्रमाण २० टक्के केलं. उरलेल्या नोंदींना तुम्ही "तपासलेलं" म्हणणार असाल तर आपल्या दोघांचा तपासणी या शब्दाचा अर्थच वेगळा आहे.

मात्रेचा मुद्दा मान्य आहे. आणि हो, लेखात बिस्फेनॉल-ए या प्लास्टिकमध्ये वापरल्या जाणाऱ्या रसायनाच्या मर्यादेसमोर मी नॅनोग्रॅमऐवजी त्याच्या हजारपट मोठं मायक्रोग्रॅम लिहिलं होतं, ते तुम्ही बरोबर पकडलंत. दुरुस्ती केली आहे, आभार. पण दुरुस्त आकडा तुमच्या बाजूने बोलत नाही. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१५ मध्ये शरीराच्या दर किलो वजनामागे दिवसाला ४ मायक्रोग्रॅम चालतील असं म्हटलं होतं. २०२३ मध्ये तोच आकडा ०.२ नॅनोग्रॅमवर आणला. वीस हजारपट खाली! मात्रा विष ठरवते हे खरंच, पण ती मात्रा आधी कुणीतरी ठरवावी लागते, आणि ठरवणाऱ्यांचा अंदाज इतका बदलू शकतो. मधल्या आठ वर्षांत ज्यांनी "मर्यादेत आहे" म्हणून निर्धास्त वापर केला, त्यांना तुम्ही काय सांगाल?

खर्चाच्या मुद्द्यात मी शिरत नाही. तो माझ्या लेखाचा विषयच नव्हता.

यापुढेही चुका जरूर दाखवा, आकड्यांच्या तर नक्कीच. मात्र ते "गंध नसलेल्यांनी" तेवढं मागे घ्या. आम्लाच्या वाफांनी माझा घसा कायमचा धरलाय. तो शब्द मला तरी लावू नका.