‘क्लिंटने केटला काही शिकवलंच नाही’ : ‘हॉकआय’वरच्या आरोपांना मुद्देसूद उत्तर

मार्व्हलची ‘हॉकआय’ ही सहा भागांची मालिका 24 नोव्हेंबर 2021 ला सुरू झाली आणि 22 डिसेंबरला संपली. तेव्हापासून तिच्याबद्दलचं एक म्हणणं थोड्याफार फरकाने सगळीकडे फिरतंय. नवखी तिरंदाज केट बिशप हिला सगळं आयतंच येतं, ‘हॉकआय’ म्हणून ओळखला जाणारा, अव्हेंजर्स या सुपरहिरोंच्या गटातला तिरंदाज क्लिंट बार्टन तिला काही शिकवत नाही, त्याला बहिरा आणि थकलेला दाखवून त्याची किंमत कमी केली, केट हे पात्र आजच्या काळाला खूश करायला घुसडलंय, बाण पोरकट आहेत, आणि शेवटी ही नवखी मुलगी थेट किंगपिनला, म्हणजे गुन्हेगारी जगाच्या म्होरक्याला, लोळवते. हे सांगणारे बरेच जण पहिला भाग नीट आणि पुढचे भाग पळवत बघतात, असं त्यांच्या उदाहरणांवरून दिसतं. म्हणून एकेक मुद्दा घेऊ. ज्यांनी मालिका पाहिलेली नाही त्यांनी इथेच थांबावं, कारण पुढे शेवटापर्यंतचं सगळं आलंय.

‘केटला आयतंच येतं.’ मालिका पहिल्या ‘अव्हेंजर्स’ चित्रपटातल्या, 2012 च्या न्यूयॉर्कवरच्या हल्ल्यापासून सुरू होते. लहानगी केट फुटक्या भिंतीतून समोरच्या इमारतीवर एकटा लढणारा तिरंदाज पाहते. त्या हल्ल्यात तिचे वडील जातात, आणि ती आईकडे धनुष्यबाण मागते. लगेच येणाऱ्या चित्रमय श्रेयनामावलीत तिची मधली वर्षं आहेत: तिरंदाजी, तलवारबाजी, मार्शल आर्ट्स, एकामागून एक करंडक. मूळ गोष्ट सुरू होते तेव्हा ती 22 वर्षांची आहे. म्हणजे दहा वर्षांहून जास्त सराव.

या काळात काय शिकून होतं, हे मैदानावर जाणाऱ्या कोणालाही विचारा. मुलांना आधी 16 ते 20 पौंडांचं हलकं धनुष्य देतात आणि ताण दोन-दोन पौंडांनी वाढवतात. घाई केली तर खांदा वर उचलला जातो, दोरी ओढणारा हात दर वेळी हनुवटीखाली वेगळ्या जागी टेकतो आणि बाण लक्ष्यावर विखुरतात. पुढे 70 मीटरवरच्या 122 सेंटिमीटरच्या लक्ष्यातलं दहा गुणांचं वर्तुळ फक्त 12.2 सेंटिमीटरचं असतं. रोज शेकडो बाण मारणारा मुलगा दहा वर्षांत तिथे सातत्याने पोचू शकतो. मालिकेची गोष्ट मात्र नाताळच्या आधीच्या जेमतेम आठवडाभरात घडते. आठवड्यात कोणी तिरंदाज होत नाही, म्हणून लेखकांनी केटला आधीच तयार आणलं. तिला शून्यापासून शिकताना दाखवलं असतं तर ती थाप झाली असती.

आणि तिला सगळं येतं, हेही खरं नाही. पहिल्याच भागात ती पैजेखातर बाणाच्या टोकाला टेनिसचा चेंडू लावून कॉलेजची घंटा वाजवते. घंटा वाजते आणि मग मनोराच कोसळतो. नेम अचूक, पुढचा विचार शून्य. त्याच भागात ती चोरट्या लिलावातून रोनिनचा, म्हणजे क्लिंट एके काळी गुन्हेगारांना ठार करत फिरायचा तेव्हाचा, पोशाख घालून निसटते आणि रोनिनवर डूख धरून बसलेली सगळी ट्रॅकसूट टोळी अंगावर ओढवून घेते. दुसऱ्या भागात ती आईच्या होणाऱ्या नवऱ्याशी, जॅकशी, तलवारीने खेळते. तो मुद्दाम हरतोय हे तिला कळतं, ती चिडून वार करते आणि तो सहज अडवतो. तिची शंका बरोबर ठरते, पण त्यावरून ती जो निष्कर्ष काढते तो चुकीचा निघतो, कारण खरी गुन्हेगार तिची आई असते. आयतं येणारं पात्र इतक्या वेळा चुकत नाही.

आता मुख्य आरोप: ‘क्लिंट काही शिकवत नाही.’ हे म्हणणाऱ्यांना बहुधा मैदानावर उभं राहून ‘कोपर वर धर’ म्हणणारा गुरू हवा होता. केटला त्याची गरजच नाही. तिला कमी पडतं ते वेगळंच, आणि ते तिला टप्प्याटप्प्याने मिळतं.

सुरुवात अगदी खालच्या पायरीवरून होते. मारामारी झाली की आधी जखमा धुवायच्या, मग बाकीचं. पाठलाग होतोय का ते पाहायचं. शक्य तिथे न लढता काम उरकायचं. दुसऱ्या भागात रोनिनचा पोशाख परत मिळवायला क्लिंट सेंट्रल पार्कात लुटुपुटूची लढाई खेळणाऱ्यांच्या घोळक्यात शिरतो. तो त्या सगळ्यांना सहज आडवं करू शकला असता. पण तो त्यांचे नियम पाळतो, ठरल्याप्रमाणे हरतो आणि पोशाख घेऊन बाहेर पडतो. अव्हेंजर असलेल्या माणसाचा मानापमान इथे बाजूला राहतो. केटला नेमकं हेच जमत नसतं. तिला अजून नाव हवंय, पोशाख हवाय. तिसऱ्या भागात ती त्याच्यासाठी नव्या पोशाखाचं चित्रसुद्धा काढते, आणि आपण कोणाचा आदर्श नाही असं तो तिला सांगतो.

चौथ्या भागातला नाण्याचा प्रसंग सावकाश पाहा. क्लिंट बोटाच्या टिचकीने नाणं उडवून टीव्ही बंद करतो. केट करून पाहते, तिला जमत नाही, तो पुन्हा दाखवतो. यात धनुष्य नाही, बाण नाही. हाताशी आहे ते हत्यार करायचं, एवढाच धडा आहे. त्याच रात्री ती विचारते, तुझा आजवरचा सर्वांत चांगला नेम कोणता? तो म्हणतो, जो मी मारला नाही तो. नताशा रोमानॉफला, म्हणजे पुढे त्याची अव्हेंजर सहकारी झालेल्या हेराला, ठार करायला पाठवलं असताना त्याने बाण सोडला नव्हता. मालिकेतला सर्वांत महत्त्वाचा धडा हाच आहे आणि तो सोफ्यावर बसून दिला जातो, म्हणून घाईत बघणाऱ्यांच्या हातून निसटतो.

त्या भागाच्या शेवटी गच्चीवरच्या हाणामारीत नताशाची बहीण येलेना क्लिंटच्या जिवावर उठून येते, आणि तिला पाहून क्लिंट केटला तोडून बोलतो: आपण भागीदार नाही, घरी जा. हा शिकवण्याचा भाग नाही, ती त्याची भीती आहे. नताशा त्याच्या डोळ्यांदेखत गेली आहे आणि शेजारी उभ्या मुलीचंही तेच होईल असं त्याला वाटतं. सहाव्या भागात तो तिला सांगतो की तुझा गोंधळ तो माझाही गोंधळ, आणि दोघं बसून बाण तयार करतात. गुरू मागे सरतो आणि परत येतो. याला शिकवणं म्हणायचं नसेल तर कशाला म्हणायचं?

कॉमिक्स वाचणाऱ्यांसाठी इथे आणखी एक गोष्ट आहे. मूळ कॉमिक्समध्ये क्लिंटला सर्कशीत घडवणारा माणूस म्हणजे स्वॉर्ड्समन, अर्थात झाक डुकेन. तो चोर निघाला आणि क्लिंटने ते पाहिल्यावर त्याच्या जिवावर उठला. मालिकेतला जॅक डुकेन त्याच पात्रावरून घेतलाय. ज्याला स्वतःला असा गुरू मिळाला, त्याने ‘मी तुझा आदर्श नाही’ म्हणत शिष्य टाळणं कॉमिक्सच्या वाचकाला चटकन कळतं.

‘क्लिंटला बहिरा दाखवून अपमान केला.’ हा आरोप सर्वांत उथळ आहे. क्लिंटचा बहिरेपणा 1983 चा आहे. मार्क ग्रुएनवाल्डच्या चार अंकी ‘हॉकआय’मध्ये आवाजाच्या हत्यारापासून मेंदू वाचवायला तो ध्वनिबाणाचं टोक दातांत धरून फोडतो आणि त्याची श्रवणशक्ती जाते. मॅट फ्रॅक्शन आणि डेव्हिड आहा यांच्या 2012 ते 2015 च्या मालिकेतही हा धागा परत येतो. तिच्या 19 व्या अंकात बरीचशी गोष्ट खुणांच्या भाषेच्या चित्रांतून सांगितली आहे. टीव्हीवाल्यांनी फक्त कारण बदललं. केट विचारते, ऐकू येणं कधीपासून कमी झालं, आणि उत्तरादाखल आधीच्या चित्रपटांमधले स्फोट एकामागून एक दिसतात. वर्षानुवर्षं स्फोटांशेजारी उभ्या राहिलेल्या माणसाचे कान जाणं हा दुबळेपणा नाही, तो त्या कामाचा हिशेब आहे.

त्याचा वापरही पाहा. तिसऱ्या भागात ट्रॅकसूट टोळीची कर्णबधिर म्होरकी माया लोपेझ त्याचं श्रवणयंत्र चिरडते, आणि पुढची हाणामारी आपल्याला त्याच्या कानांनी, म्हणजे जवळजवळ शांततेत, ऐकावी लागते. नंतर धाकट्या मुलाचा फोन येतो. क्लिंटला शब्द कळत नाहीत. केट शेजारी बसून मुलाचं बोलणं कागदावर भराभर लिहिते, आणि ते वाचून तो उत्तरं देतो. नाताळला घरी नाही आलास तरी चालेल, असं मुलगा बापाला समजावतोय, आणि ते लिहिणारी मुलगी स्वतःच्या वडिलांना लहानपणी गमावून बसलेली आहे. या दोघांचं नातं इथे बदलतं, एकही बाण न मारता. मायाचं काम करणारी अलाक्वा कॉक्स स्वतः कर्णबधिर आहे, तिचा एक पाय कृत्रिम आहे, आणि हे तिचं पडद्यावरचं पहिलंच काम. क्लिंट यंत्रावर फार विसंबतो, असं त्याला सुनावणारं पात्र तिचं असणं विचारपूर्वक ठरवलेलं आहे.

‘केट आजच्या फॅशनसाठी घुसडली.’ केट पहिल्यांदा आली 2005 मध्ये, ‘यंग अव्हेंजर्स’च्या पहिल्या अंकात, लेखक अ‍ॅलन हाइनबर्ग, चित्रकार जिम चंग. तेव्हा कॉमिक्समध्ये क्लिंट मेलेला होता आणि हॉकआय हे नाव कॅप्टन अमेरिकाने तिला दिलं. मार्व्हलच्या या चित्रपटमालिकेतला पहिला ‘आयर्न मॅन’ 2008 चा, म्हणजे केट त्याच्याही आधीची. यावर आणखी बोलण्यासारखं काही नाही.

बाणांच्या मुद्द्यावर मात्र आक्षेपकांचं थोडं ऐकायला हवं. स्पर्धेचा बाण साधारण 20 ते 25 ग्रॅमचा असतो आणि त्याचं टोक सहा-सात ग्रॅमचं. टेनिसचा चेंडू नियमाप्रमाणे 56 ते 59.4 ग्रॅम. अख्खा चेंडू टोकाला लावला तर बाणाचं वजन तिपटीपलीकडे जातं. त्याच धनुष्यातून तो सुमारे निम्म्या वेगाने सुटेल, चेंडूला हवेचा अडसर वेगळाच, आणि नेम नेहमीपेक्षा कितीतरी वर धरावा लागेल. टोक जड झालं की सुटताना काडी जास्त वाकते. ती त्या वजनाला पुरेशी ताठ नसेल तर बाण बाजूला भरकटतो, प्रसंगी मोडतो. म्हणजे भात्यातल्या प्रत्येक करामती बाणाला वेगळ्या ताठपणाची काडी आणि वेगळा नेम हवा. मालिका हे दाखवत नाही. पुलावरच्या पाठलागात एकाने उंच सोडलेल्या साध्या बाणाला दुसऱ्याचा पिम बाण, म्हणजे लागेल ती वस्तू प्रचंड मोठी करणारा बाण, हवेत गाठतो, तोही वास्तवात धरून चालण्यासारखा नेम नाही.

दुसरी खरी चूक म्हणजे धनुष्य पूर्ण ताणून धरून चाललेले संवाद. आपल्याकडे 2023 मध्ये बर्लिनला साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे जगज्जेते झाले ते कंपाऊंड धनुष्यावर. त्याला टोकांशी चाकं असतात, आणि पूर्ण ताणल्यावर हातावरचा भार बराच उतरतो. 50 पौंडांचं धनुष्य 10 ते 15 पौंडांवर धरता येतं. मालिकेतली धनुष्यं बिनचाकांची आहेत. त्यांत सगळा भार शेवटपर्यंत बोटांवर आणि पाठीवर असतो, आणि काही सेकंदांत हात थरथरू लागतो. हे मान्य.

पण ‘पोरकट’ हा शब्द मान्य नाही. करामती बाण 1960 च्या दशकापासून या पात्राची ओळख आहेत. तिसऱ्या भागातल्या पाठलागात भात्यातला कुठला बाण काय करतो हे केटला ठाऊक नसतं, विचारलं तर क्लिंटला ऐकू येत नाही. आम्ल, चिकट लगदा, स्फोटक, जे हाती येईल ते ती सोडत जाते. मालिकेने हत्यार अनोळखी असण्याचा धोका इथे बरोबर पकडलाय.

राहिला किंगपिन. सहाव्या भागात केटचा बाण त्याच्या छातीवर काडीसारखा मोडतो. तो तिला खेळण्यांच्या दुकानात इकडून तिकडे फेकतो. तिची आई गाडी घालून त्याला काचेतून आत ढकलते, तरी तो उठतो. शेवटी केट जमिनीवर पडलेली, आजूबाजूला विखुरलेले बाण आणि हाताशी त्याच्याच शर्टाचं कफलिंक. ती ते टिचकीने उडवते, स्फोटक बाण फुटतात. चौथ्या भागात न जमलेलं इथे जमतं. त्यानंतरही तो चालत बाहेर पडतो, गल्लीत माया त्याच्यावर पिस्तूल रोखते, आणि जानेवारी 2024 मध्ये आलेल्या, मायावरच्या ‘एको’ मालिकेत तो जिवंत आहे. लोळवला कोणी?

काही जण याला जोडून म्हणतात की शेवटी हॉकआय हे नाव केटला देऊन क्लिंटला निवृत्त केलं. शेवटचं दृश्य असं आहे: शेतावरच्या घरी क्लिंट रोनिनचा पोशाख जाळतो, केट स्वतःसाठी एकेक नाव सुचवते, तो म्हणतो की माझ्याकडे एक आहे, आणि मालिकेचं नाव पडद्यावर येतं. तो ते उच्चारत नाही. कॉमिक्समध्येही क्लिंट परतल्यावर केटने नाव सोडलं नाही आणि क्लिंटनेही नाही. फ्रॅक्शन-आहांच्या मालिकेत दोघंही हॉकआय आहेत, आणि 2016 मध्ये केली थॉम्पसनने केटची स्वतंत्र ‘हॉकआय’ सुरू केली तेव्हाही क्लिंटचं नाव काढून घेतलं गेलं नव्हतं.