१८८५ सालच्या धीट मुलीला आधी दिवे पुसू द्या

मुलांसाठीच्या ऐतिहासिक मराठी गोष्टींत हल्ली एक मुलगी हमखास भेटते. पुण्यातला वाडा, साल १८८५, वय दहा. पहिल्याच पानावर ती आजीला ‘मुलगा-मुलगी समान’ म्हणून सुनावते आणि आजी चक्क गप्प बसते! कपडे तेवढे जुने, पोरगी आजचीच. धीटपणा त्या काळाच्या मापाचा हवा आणि ते माप घरकामातून मिळतं.

दिवेलागणीचंच घ्या. घासलेटच्या दिव्याची काच पुसायचं काम पोरांकडे, कारण मोठ्यांची मूठ आत जात नाही. काच पूर्ण थंड झाली की काढायची, चिमूटभर राख आणि कोरडं फडकं घालून आतली काजळी फिरवून काढायची. काच ओलसर राहिली तर दिवा लावल्यावर तडकते. वात तिरपी कापली तर ज्योत एका अंगाला चढते, तिकडची काच काळी पडते आणि तापून फुटते. आता या पोरीला रात्री चोरून वाचू द्या. काजळी ती सकाळी स्वतःच पुसणार, म्हणजे तो पुरावा गेला. पण तेल कमी झालेलं कसं लपवणार? इथे गोष्ट सुरू होते, भाषण न करता.

लग्नाचा विषय बहुतेक लेखक टाळतात. त्या काळची दहा-अकरा वर्षांची ब्राह्मण मुलगी बिनलग्नाची असेल तर घरात त्यावरून सतत बोलणं निघायलाच हवं. मुलीच्या शरीरसंबंधासाठीच्या संमतिवयाची मर्यादा १० वरून १२ करणाऱ्या १८९१ च्या कायद्यावरून पुण्यात केवढं रण माजलं होतं! शिकण्याला विरोध म्हणजे दर वेळी काठी घेतलेला बाप नव्हे. रमाबाई रानड्यांचं लग्न १८७३ मध्ये अकराव्या वर्षी झालं, नवऱ्याने शिकवायला घेतलं आणि टोमणे मारले ते घरातल्या बायकांनीच. १९१० मध्ये आलेल्या त्यांच्या आठवणी लिहायला बसण्याआधी वाचाच.

बाकीच्या चुका तपासायला सोप्या असतात. १८६१ च्या गोष्टीत पुण्याहून मुंबईला सलग आगगाडी नको. १८५८ पासून गाडी खंडाळ्यापर्यंत होती, बोरघाटातला लोहमार्ग १८६३ चा. रुपयाचे १६ आणे, आण्याचे ४ पैसे, पैशाच्या ३ पै. हुजूरपागा ही पुण्यातली मुलींची शाळा १८८४ ची, त्यामुळे १८८० च्या नायिकेला तिथे धाडू नका. एकत्र कुटुंबात काका-आत्या हाक मारतात म्हणून पोरंही आईला ‘वहिनी’ म्हणायची; हे एकदा आलं की पानभर वर्णन वाचतं.

आणि दर वेळी वाडाच का? जोतिराव-सावित्रीबाईंच्या शाळेतली मुक्ता साळवे १८५५ मध्ये १४ वर्षांची होती. मांग-महारांच्या दुःखावरचा तिचा निबंध त्याच वर्षी ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात छापला गेला. धीट मुलगी हवी ना? ही घ्या, कल्पनेतून काढायचीही गरज नाही. फक्त तिच्या दिवसाची कामं, पाणी कुठून येतं, कुणाच्या दारापर्यंत जाता येतं, हे नव्याने शोधावं लागेल. वाड्याचं सोवळं-ओवळं उचलून तिथे चिकटवता येणार नाही.

चित्रकाराला साल, जात आणि नायिकेचं लग्न झालंय की नाही, हे लेखी द्या. नाहीतर परकर-पोलक्यातल्या पोरीशेजारी तिची आई सहावारीत उभी असते.