गच्चीवर उतरायची वाट कुणी राखायची?

रुग्णालयाच्या गच्चीवर हेलिपॅड असावं का, यावरून आमच्या कॉलेजच्या व्हॉट्सॲप गटात परवा चांगलंच पेटलं. एका बाजूचं म्हणणं, आवाज होतो, आजूबाजूच्या सोसायट्यांनी का सोसायचं? दुसरी म्हणते, हवाई वाहतुकीचं नियमन करणाऱ्या डीजीसीएचे परवाने सोपे करा, म्हणजे प्रश्न मिटेल. मी मेलबर्नमध्ये बसून वाचत होतो. हेलिकॉप्टर त्या गच्चीपर्यंत येणार कुठून, हे शेवटपर्यंत कुणीच विचारलं नाही.

इथल्या आल्फ्रेड हॉस्पिटलचं हेलिपॅड ट्राममधूनही दिसतं. हेलिकॉप्टर आभाळातून सरळ खाली येत नाही. वाऱ्याचा अंदाज घेत, तिरकं उतरत येतं. त्या तिरक्या वाटेखालच्या जमिनींवर नियोजन आराखड्यातच बंधन आहे: ठरावीक उंचीच्या वर बांधायचं, तर वेगळी परवानगी. महत्त्वाच्या हेलिपॅडांभोवतीचं आकाश राखण्यासाठी ऑस्ट्रेलियाने 2018 साली देशभरासाठी मार्गदर्शक तत्त्वंही काढली. माझ्या मते परवान्याइतकंच हे मोलाचं आहे. परवाना आज मिळेल, पण पाच वर्षांनी शेजारच्या प्लॉटवर तीस मजले उठले, तर त्या गच्चीवर उतरणार कोण?

आपल्याला हे काही नवीन नाही. विमानतळाभोवती इमारत किती उंच न्यायची, याचे रंगीत नकाशे विमानतळ प्राधिकरणाने केलेलेच आहेत. तसाच नकाशा रुग्णालयाभोवतीही करा आणि तो शहराच्या विकास आराखड्यात घाला, एवढंच माझं मागणं आहे.

आवाजाची तक्रार करणाऱ्यांना मात्र मी मोडीत काढणार नाही. खालच्या माणसांना त्रास नुसत्या आवाजाचाच नसतो. मार्च 2022 मध्ये इंग्लंडात प्लिमथच्या डेरिफर्ड हॉस्पिटलमध्ये तटरक्षक दलाचं अवजड हेलिकॉप्टर उतरत होतं. पंख्याच्या झोताने पार्किंगमधली 87 वर्षांची बाई खाली पडली आणि दगावली. खाली माणसं कुठून चालतात, कुठलं हेलिकॉप्टर येणार, हे बघणं जागा ठरवतानाच व्हायला हवं.

पण म्हणून ‘शहराबाहेरच्या मैदानावर उतरवा’ हेही पटत नाही. तिथून पेशंटला पुन्हा ॲम्ब्युलन्समध्ये चढवायचं, नळ्या-सलाईन सांभाळत ट्रॅफिकमधून आणायचं. वाचवलेली मिनिटं तिथेच संपतात.

तुमच्या शहराच्या आराखड्यावर हरकती-सूचना मागवल्या असतील, तर मोठ्या रुग्णालयाच्या आसपासचे प्लॉट आधी बघा. ही मागणी तिथे लेखी द्या.