गाव शाश्वत ठरवायचंय? डिसेंबरात या

कोकणातल्या वारसा-पर्यटन गावाचं मूल्यमापन तुमच्या गळ्यात पडलंय ना? अभिनंदन. पहिलं काम म्हणजे तारीख धरा, आणि ती डिसेंबरातलीच धरा. तेव्हा विहिरीला पाणी असतं, सकाळी धुकं असतं, पेंढ्याच्या उडव्या फोटोत झकास येतात. चुकून मे महिन्यात आलात, तर वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या घरात पाऊस झेलणाऱ्या गावात टँकरमागे हंड्यांची रांग दिसेल आणि ‘पर्यावरणीय शाश्वतता’ या रकान्यापाशी पेन अडेल. कशाला उगाच?

निकषांचं टेन्शन घेऊ नका, ते तयार मिळतात. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यटन संघटनेने २०२१ पासून उत्तम पर्यटन गावं निवडायला घेतली, त्यासाठी सांस्कृतिक ठेव्यापासून आरोग्य-सुरक्षेपर्यंत नऊ विषय ठरवलेत. तेलंगणातलं पोचमपल्ली पहिल्याच वर्षी त्या यादीत गेलं, कच्छातलं धोरडो २०२३ मध्ये. गावाची लोकसंख्या १५,००० च्या आत हवी, अशीही अट आहे. ती आम्हाला कधीच जड जायची नाही. आमच्या वाडीत ३६ घरं, त्यातल्या २१ घरांना कुलूप. गणपतीला आणि शिमग्याला तेवढी उघडतात. तुम्ही घरं मोजा, चुली मोजू नका.

आता वास्तुवारसा. जांभ्या दगडाचं जोतं, ओटी, पडवी, माजघर आणि वर कौलं, हे सगळं तुम्हाला हवंच असणार. पण निम्म्या घरांवर निळे पत्रे दिसतील. तिथे ‘स्थानिकांमध्ये वारशाबद्दल अनास्था’ असं लिहून मोकळे व्हा. घरमालकाशी बोलायला जाऊ नका, नाहीतर तो माकडांची गोष्ट काढेल. दहा-बारा वानरं एका उडीत शंभर कौलं फोडतात. फुटकी कौलं काढायला आणि पावसाआधी घर शाकारायला वर चढणारा माणूस लागतो, आणि चढणारे सगळे विरार-नालासोपाऱ्यात राहतात. मग म्हातारा-म्हातारी दोघंच राहिली की जावई पत्रे टाकून देतो. उन्हाळ्यात भट्टी होते, पावसात शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही, पण माकड परवडतं. नऊ विषयांत माकड हा विषय नसल्यामुळे यातलं काहीही अहवालात आणायची गरज नाही.

धारणक्षमता, म्हणजे गावाला एका दिवसात किती पाहुणे झेपतील ते, काढाल तेव्हा मात्र आकडेमोड दाखवा, लोकांना आकडे आवडतात. वाड्याचं अंगण १,२०० चौरस फूट, माणशी १२ चौरस फूट, म्हणजे एका वेळी १०० माणसं. प्रत्येकाला एक तास, दिवसाचे आठ तास, झाले ८००. आता शास्त्राप्रमाणे यातून पाऊस, पाणी, वाहनतळ, संडास यांची वजावट करायची असते. पण गावात पाहुण्यांसाठी दोनच संडास आहेत आणि ते धरले तर आकडा फारच केविलवाणा होतो. तेव्हा संडास वगळा. कास पठाराचं उदाहरण तर बैठकीत काढूच नका. तिथे रोज किती माणसं सोडायची, हे ठरवून द्यावं लागलं आणि आसपासच्या गावांच्या समितीला राखण करत बसावं लागलं. अशाने उत्साह मावळतो.

पैशाचा विषय नाजूक. २०२५ च्या जुलैत मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा ठरले. त्यातले सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग आमच्याच किनाऱ्यावर. तेव्हापासून कोकणातली प्रत्येक वाडी जाहिरातीत ‘किल्ल्यापासून हाकेच्या अंतरावर’ आहे. हाक कोणी मारायची, ते दिलेलं नसतं. आमच्याकडच्या ‘अस्सल ग्रामीण निवासा’चा सातबारा पुण्याच्या नावावर, बुकिंग बंगळुरूच्या ॲपवर, कोंबडी तालुक्याहून आणि पाव चिपळूणचा. गावचं काय? घावणे घालणारी बाई. ती गावची, तिचा बिडाचा तवा गावचा, रोज साडेतीनशे. अहवालात याला ‘मूल्यसाखळीत महिलांचा सहभाग’ म्हणतात. तिच्या तव्याचा जवळून फोटो घ्या, मुखपृष्ठाला होईल.

लोकांचं समाधानही मोजायचं असतं. मागल्या खेपेला आलेल्या पोराने आमच्या शेजारच्या आजीसमोर टॅबलेट धरला. पाच गोल चेहरे, हसऱ्यापासून रडक्यापर्यंत. आजी चष्मा पुसून म्हणाली, “ह्यो असा का रे बघतोय? जेवला नाय वाटतं.” आणि तिने त्या रडक्यावरच बोट ठेवलं, कारण तो तिच्या मुंबईच्या नातवासारखा दिसत होता. पोर हुशार. त्याने बोट धरून हसऱ्यावर नेलं. याला विदा-शुद्धीकरण म्हणतात म्हणे. जाताना आजीने त्याला दोन नारळ दिले, तेही अहवालात ‘आतिथ्य’ म्हणून आले.

अमूर्त वारसा, म्हणजे सण, रूढी, कला असला हाताला न लागणारा ठेवा बघायचा असेल तर शिमग्याची पालखी नाचवून घ्या. शिमगा फाल्गुनात असतो ही अडचण आहे, पण तुमची पाहणी डिसेंबरात, त्याला गाव काय करणार? आमच्या सरपंचांनी हा प्रस्ताव मांडला तेव्हा मानकरी म्हणाले, देवाला कौल लावू. लावला. देवाने नकार दिला. त्यावर तुमच्यासारख्याच एका सल्लागाराने विचारलं, दुसऱ्या एखाद्या देवाला विचारता येईल का? हा माणूस पुढे जाणार.

सगळं जमलं की ‘शाश्वत वारसा पर्यटन ग्राम’ असा फलक येईल, चांगला आठ फुटी. तो शाळेवर लावू नका, शाळा पटसंख्येअभावी बंद व्हायच्या बेतात आहे. नळपाणी योजनेच्या टाकीवर लावा. ती उंच आहे, हायवेवरून दिसते आणि आत पाणी नसल्यामुळे वजनाचीही काळजी नाही.