‘५० हर्ट्झवर ठेवा आणि विसरा’? मुळीच नको!

नुकतंच हॅम रेडिओचं लायसन्स मिळालेल्या माझ्या पुतण्याला कुणीतरी एक मेसेज फॉरवर्ड केला आणि त्यानं तो शब्दशः पाळला. मेसेज असा: ‘सीडब्ल्यूचा कमजोर सिग्नल ऐकायचाय? फिल्टर ५० हर्ट्झवर ठेवा आणि विसरा. जितका अरुंद तितका चांगला. प्रीअँप कायम चालू. नॉइज ब्लँकर फुल्ल. एजीसी फास्ट. एस-मीटर खाली आला म्हणजे सिग्नल वर आला.’ (सीडब्ल्यू म्हणजे मोर्स. प्रीअँप अँटेनाचा सिग्नल आधीच वाढवतो, नॉइज ब्लँकर खरखरीचे ठोके गाळतो, एजीसी आवाजाची पातळी आपोआप सांभाळतो, एस-मीटर सिग्नलचा जोर दाखवतो.) आता ४० मीटर (७ मेगाहर्ट्झ) बँड मेलाय, असं पोरगं सांगत फिरतंय. बँड ठणठणीत आहे.

सगळा घोळ त्या ५० हर्ट्झमध्ये आहे, म्हणून आधी तेच. मोर्सचा सिग्नल म्हणजे एक बारीक रेघ नव्हे. की दाबली-सोडली की तो दोन्ही बाजूंना पसरतो, आणि वेग वाढला की पसरटपणाही वाढतो. आयटीयूच्या (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या) एसएम ११३८ या शिफारशीत याचा हिशेब सरळ दिलाय: मिनिटाला २५ शब्द म्हणजे २० बॉड (सेकंदाला २० टिंबांइतके तुकडे), आणि फेडिंग (सिग्नलचा चढउतार) असलेल्या मार्गावर त्याच्या पाचपट, म्हणजे १०० हर्ट्झ. शॉर्टवेव्हवर फेडिंग नाही असा दिवस दाखवा! म्हणजे २५ शब्दांच्या स्टेशनवर ५० चा फिल्टर लावलात, तर नॉइजबरोबर सिग्नलही कापताय.

वेळेच्या अंगानं बघा. २५ शब्दांना एक डिट (मोर्सचं टिंब) ४८ मिलिसेकंदांचा, आणि दोन डिटांमधली फटही तेवढीच. ५० हर्ट्झच्या फिल्टरला उठायला आणि बसायला ढोबळमानानं २० मिलिसेकंद लागतात, कडा उभ्या असतील तर जास्तच. फट भरून जाते आणि एस, एच आणि ५ (तीन, चार आणि पाच डिट) यांचा एकच लगदा होतो.

त्यात सोलापूरचा एप्रिल-मे. वळवाचे ढग दूर कुठेतरी गडगडत असले तरी ७ मेगाहर्ट्झवर कडकडाट येतच असतो. रुंद फिल्टरमधून तो ‘खर्र’ असा येतो आणि कान त्याला बाजूला टाकतो. ५० हर्ट्झच्या फिल्टरवर तोच कडकडाट घंटेवर खडा बसावा तसा आदळतो. फिल्टर स्वतःच्याच सुरात ‘टंग’ करतो, आणि तो सूर नेमका तुमच्या सिग्नलचाच! आता डिट कुठला आणि वीज कुठली, ते ओळखून दाखवा.

शिवाय सीक्यू (‘कुणी आहे का?’ ही हाक) दिल्यावर उत्तर देणारा १५० हर्ट्झ बाजूला असला तर तो ऐकूच येणार नाही. घरी बांधलेला रिग (रेडिओसंच), वर पत्रा, बाहेर ४२ अंश. अशात ऑसिलेटर (वारंवारता ठरवणारं सर्किट) सरकला की लागलेलं स्टेशनही हातचं जातं. ‘बँड मेलाय’ तो असा.

अर्धसत्य आहे, ते मान्य करतो. रुंदी दहावा भाग केली की फिल्टरमधून येणारा नॉइज १० डीबीनं घटतो. ५०० वरून ५० वर आलात की मीटर तेच दाखवतो. पण कान मीटर नाही. ६०० हर्ट्झच्या सुराभोवती कानाचा स्वतःचा फिल्टर जेमतेम ९० हर्ट्झ रुंद असतो, त्यामुळे यातलं बरंचसं काम तो आधीच करून बसलेला असतो. १२ शब्दांच्या वेगाला आयटीयूचाच हिशेब ४८ हर्ट्झ देतो. तेव्हा संथ स्टेशन, शेजारी दांडगा सिग्नल आणि आकाश शांत, एवढं जुळलं तर लावा ५०. काम झालं की परत या.

एरवी ५०० वर शोधा, झीरो बीट करा (समोरच्याच्या नेमक्या वारंवारतेवर या), मग २५० वर या. १५० हर्ट्झच्या आत कुणी येऊन बसला तरच १०० वर. सूर ८०० ऐवजी ५०० च्या आसपास ठेवा. खालच्या सुराला कानाचा फिल्टर आणखी अरुंद असतो, आणि हा फायदा फुकटचा आहे.

युबिटेक्स या किटच्या रिगवाल्यांकडे मुळात एसएसबीचाच (बोलण्यासाठीचा, रुंद) फिल्टर, जुन्या आवृत्त्यांत एजीसीही नाही. त्यांनी टीएल०७२ या ऑप-अँप आयसीवर दोन टप्प्यांचा ऑडिओ फिल्टर बांधावा. प्रत्येक टप्प्याला १० नॅनोफॅरडचे दोन पॉलिएस्टर कपॅसिटर, इनपुटला ५६ के (किलोओहम) चा रेझिस्टर, तिथून ग्राउंडला ६.८ के, फीडबॅकला १२० के. मध्य ५९० हर्ट्झ, दोन्ही टप्पे मिळून रुंदी सुमारे १७०. १२ व्होल्टवर चालवायचा तर दोन १० के आणि १० मायक्रोफॅरड लावून निम्म्या व्होल्टेजचा बायस द्या. सिरॅमिक डिस्क वापरू नका. किमती इकडेतिकडे झाल्या की दोन टप्प्यांचे मध्य फाकतात आणि सिग्नलच पडतो. साइडटोनही (की दाबल्यावर स्वतःला ऐकू येणारा सूर) ५९० ला जुळवा, नाहीतर झीरो बीट करूनही तुम्ही बाजूलाच.

एजीसी फास्ट? फिल्टर एजीसीच्या नंतर, ऑडिओत असेल, तर तुम्हाला न ऐकू येणारा शेजारी एजीसी दाबत राहतो आणि तुमचा कमजोर सिग्नल उचक्या खातो. एजीसी बंद, ऑडिओ वर, आणि आरएफ गेन (अँटेनाकडच्या टप्प्याची वाढ) नॉइज जेमतेम ऐकू येईल इतका खाली. कानांसाठी हेडफोनवर दोन १एन४१४८ डायोड उलटसुलट जोडा.

प्रीअँपचा निकाल अँटेना काढून लावा. काढल्यावर नॉइज पडला तर रिसीव्हर पुरेसा संवेदनशील आहे. ४० मीटरवर तो पडतोच. तिथे उलट अटेन्युएटर (सिग्नल कमी करणारा) लावा.

ब्लँकर गाडीच्या स्पार्कसारख्या छोट्या टोकदार ठोक्यांना चालतो. फुल्ल केलात तर दांडग्या शेजाऱ्याचेच तुकडे करून बँडभर फेकतो. सततच्या खरखरीला त्याचा उपयोग नाही. आपल्याकडे अशी खरखर आली की लोक अक्कलकोट रोड एमआयडीसीकडे बोट दाखवून यंत्रमागांना शिव्या घालतात. मागाच्या इंडक्शन मोटरला ब्रशच नसतात हो! रिग बॅटरीवर घ्या आणि घराचा मेन स्विच पाडा. खरखर थांबली तर ती तुमच्याच एलईडी ट्यूबची किंवा चार्जरची. एकेक एमसीबी वर करत गेलात की कुठल्या खोलीतली, तेही कळेल.