मोठीमायचं माहेरचं नाव

मँचेस्टरला येताना सामानात मोठीमायची, म्हणजे आजीची, गोधडी आणली होती. वर तिची लुगडी, आत आबांची जुनी धोतरं. अकरा वर्षं पांघरली, पण ती शिवणारीबद्दल मला किती माहीत आहे, हा प्रश्न परवापर्यंत पडला नव्हता.

परवा इथल्या एका वस्त्रकलाकार बाईंच्या कार्यशाळेला गेले. त्याही स्थलांतरितांच्याच लेक. म्हणाल्या, घरचं जुनं कापड आणा आणि ते शिवणाऱ्या बाईचं जन्मनाव पट्टीवर दोऱ्याने काढा. मी सुई धरून बसूनच राहिले. लग्नात बदललेलं नाव ठाऊक होतं, आधीचं नाही. अमळनेरला काकांना फोन लावला. “नाव लिसन काय करनं शे आते?” आता नाव घेऊन काय करायचंय, म्हणत काका हसले. त्यांनाही ठाऊक नव्हतं.

महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावापुढे आईचं नाव लावायचा नियम आला, तेव्हा याच काकांनी घरच्या ग्रुपवर वाद घातला होता. एवढं लांब नाव फॉर्ममध्ये मावणार कसं? मीही त्यावर हसरा चेहरा टाकला होता. आता तो खुपतो.

अमेरिकेतल्या चित्रकार फेथ रिंगगोल्ड यांना आत्मचरित्रासाठी प्रकाशक मिळेना, तेव्हा त्यांनी १९८३ पासून गोधड्यांवरच गोष्टी लिहिल्या. आपल्या बहिणाबाईंना अक्षरओळख नव्हती; लेकाने ओव्या उतरवल्या म्हणून त्या उरल्या, आणि पुस्तक आलं तेही त्या गेल्यावर, १९५२ला. २०१८ला जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव दिलं याचा आम्हाला कोण अभिमान! घरातल्या बहिणाबाईचं नाव मात्र कुणी विचारत नाही.

इथलं सगळं गोड आहे असंही नाही. शहरात लिंकनचा पुतळा आहे. अमेरिकेच्या यादवी युद्धात तिथला कापूस थांबला, तेव्हा इथल्या कामगारांनी सोसलं म्हणून त्याने आभार मानले, ते चौथऱ्यावर कोरलंय. त्याच वर्षांत इथल्या ज्या गिरण्या तगल्या, त्या बऱ्याचशा हिंदुस्थानच्या कापसावर. तो वेचणाऱ्या बायांसाठी दगडावर एक ओळ नाही.

सरकारी नियम पुढच्या पोरांपुरता. मागच्या बायांची नावं आपल्यालाच विचारत फिरावं लागणार, आणि सांगणाऱ्या म्हाताऱ्या थोड्याच उरल्यात. अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, धाकटी आत्या माहेरी येईल, तेव्हा व्हिडिओ कॉलवर तिला गाठायचं ठरवलंय. तोवर पट्टी कोरी, सुई तिच्यातच टोचलेली.