फॉल्ट दाखवा, मग बघू

“चावी नीट फिरवली होती ना, साहेब?”

काल भरदुपारी नाशिकच्या रविवार कारंजावर, चांदीच्या गणपतीपासून हाकेच्या अंतरावर, बऱ्यापैकी गर्दीसमोर मला हे विचारण्यात आलं. विचारणारे गृहस्थ उत्तरासाठी थांबले नाहीत. मला रात्री अंथरुणात पडल्यावर चांगली सणसणीत उत्तरं सुचली, पण त्यातलं एकही इथे छापण्यासारखं नाही. शिवाय चावी एकाच बाजूला फिरते हो! ती नीट फिरवणं आणि वाईट फिरवणं असे दोन प्रकारच नसतात.

गाडी २००९ सालची हॅचबॅक. एजंटने देताना सांगितलं, “डॉक्टरची गाडी आहे. घर ते दवाखाना, दवाखाना ते घर. हात न लावलेली.” जुन्या गाड्यांच्या बाजारात प्रत्येक गाडी डॉक्टरचीच असते. वकील, मास्तर, द्राक्षबागायतदार हे लोक गाड्या विकतच नसावेत. घरी आणून मी डॅशबोर्डखाली डोकं घातलं, तर तिथे लग्नाच्या मांडवामागे असते तशी वायरिंग. काढून टाकलेल्या अॅम्प्लिफायरची वायर, निळ्या दिव्यांच्या माळेची वायर, गाडी मागे घेताना आरती वाजवणाऱ्या डब्याची वायर. वस्तू गेल्या होत्या, वायरी तशाच लोंबत होत्या, आणि सगळे जोड नुसते पिळून मारलेले. एका जोडाला इन्सुलेशन टेपऐवजी जखमेवर लावायची चिकटपट्टी होती. गाडी डॉक्टरची असल्याचा तेवढाच पुरावा मला मिळाला.

आजार असा, की गाडी बंद पडते आणि पडतही नाही. सकाळी पहिल्या चावीला सुरू. गंगापूर रोडला जाऊन या, पाथर्डी फाट्याला जाऊन या, काही तक्रार नाही. पण गरम झाल्यावर दहा मिनिटं कुठे उभी केली आणि पुन्हा चावी फिरवली, की कधीतरी नुसतं ‘टक्’. डॅशबोर्डवरचे सगळे दिवे जातात आणि घड्याळात बारा वाजतात. खरोखरचे बारा. मग पाच मिनिटांनी, कुणी काही न करता, गाडी सुरू. याशिवाय ब्रेक दाबला की मागचा डावा इंडिकेटर मिणमिणतो, पण त्या दुखण्याकडे बघायला कुणाला वेळ नाही.

या ‘कधीतरी’वर शहरातल्या इलेक्ट्रिशियन मंडळींनी आजवर बरीच कमाई केली आहे. पहिला म्हणाला, बॅटरी. नवी बॅटरी घातली. दुसरा म्हणाला, सेल्फ उघडावा लागेल. उघडला, आतले कार्बन बदलले. तिसऱ्याने बॉनेटकडे लांबूनच पाहिलं आणि “अल्टरनेटर” म्हणून निकाल दिला. चौथ्याकडे स्कॅनर होता. तो जोडून त्याने मला स्क्रीन दाखवली. “बघा, एकही एरर नाही. गाडी ओके आहे.” आता स्कॅनरला तेवढंच दिसतं जेवढं गाडीच्या कॉम्प्युटरला कळतं. वायरीच्या टोकाला बोल्टखाली दाबायची जी धातूची टोपी असते, त्या गंजलेल्या लगवर काही सेन्सर बसवलेला नसतो. पण हे बोलायची सोय नाही, कारण लगेच, “मग तुम्हीच करा ना.”

या सगळ्यांचं एका वाक्यावर मात्र एकमत होतं: “आत्ता फॉल्ट दाखवत नाहीये. फॉल्ट आला की गाडी घेऊन या.”

अहो, फॉल्ट आला की गाडी येत नाही! तोच तर फॉल्ट आहे! गाडी तुमच्या दारात आली याचा अर्थच ती आत्ता बरी आहे असा होतो. हे मी प्रत्येकाला हात जोडून सांगितलं. प्रत्येकाने समजुतीने मान हलवली आणि म्हणाला, “तेच म्हणतोय. आला की आणा.”

तर काल. गाडी बंद पडली ती बरोबर कारंजाच्या वळणावर. मागे सिटी बस, बसच्या मागे रिक्षा आणि रिक्षांच्या मागे, आवाजावरून, उरलेलं नाशिक. हॅझर्ड लावावा म्हटलं तर तोही लागेना. मला वाजवलेल्या हॉर्नला उलट हॉर्न वाजवण्याचंही सुख नाही. कॉलेजच्या दोन पोरांनी आणि एका भेळवाल्याने ढकलून गाडी कडेला घेतली. मी बॉनेट उघडलं.

ज्या शहराला सातपूर आणि अंबड अशा दोन एमआयडीसी आहेत, त्या शहरात भर रस्त्यात बॉनेट उघडणं म्हणजे जाहीर सभा बोलावणं. प्रत्येकाने कधी ना कधी कुठल्यातरी मशीनवर काम केलेलं असतं, नाहीतर त्याच्या मेव्हण्याने तरी. पंधरा-वीस किलोमीटरवर ओझरच्या कारखान्यात मिग विमानं जोडली गेली, सुखोई जोडली गेली. माझ्या गाडीची एक वायर जोडायला मात्र अख्ख्या जिल्ह्यात माणूस नाही. असो. सभा भरली, आणि चहाच्या टपरीवरून अध्यक्ष उठून आले.

पांढरा शर्ट, खिशात पेन आणि पेनाशेजारी टेस्टर. चहा प्यायला येताना माणूस टेस्टर का आणतो, ते मला अजून कळलेलं नाही.

“काय साहेब, लाईटचा प्रॉब्लेम?”

“हो काका. लूज कॉन्टॅक्ट असावा.”

“मग व्हा बाजूला. आयुष्य वायरमनकीत गेलं माझं. भर पावसात पोलवर चढलोय.”

त्यांनी बाह्या सारल्या आणि गर्दीकडे तोंड करून पहिला हुकूम सोडला. “मागं सरका! बॉडीला कुणी हात लावायचा नाही! पायात चप्पल नाही त्यानं लांब उभं राहायचं!”

लोक खरंच मागे सरले. एका बाईंनी पोराला कडेवर घेतलं. मी हळूच म्हणालो, “काका, बॅटरी बारा व्होल्टची आहे. कोरड्या हातांनी दोन्ही टोकं धरली तरी शॉक बसत नाही.”

“सगळे असंच म्हणतात,” काका म्हणाले. कैलासवासी मंडळींबद्दल बोलताना लागतो, तो सूर.

मग टेस्टर निघाला. घरातल्या प्लगमध्ये घालतात तोच, आत छोटा निऑनचा दिवा असलेला. काकांनी त्याचं टोक बॅटरीच्या प्लसवर टेकवलं, वर अंगठा ठेवला आणि डोळे बारीक केले. दिवा लागला नाही. मायनसवर टेकवलं. नाही लागला. मग त्यांनी रेडिएटरवर, ऑइलच्या झाकणावर आणि का कोण जाणे, वायपरवरही टेकवून पाहिलं. शेवटी टेस्टर खिशात ठेवून सभेला जाहीर केलं, “सप्लायच नाही.”

गर्दीतून “आयला” असा आवाज आला.

“काका, हा टेस्टर घरच्या २३० व्होल्टसाठी असतो. बारा व्होल्टला त्यातला दिवा पेटतच नाही.”

“म्हणजे करंट आहे म्हणता?”

“आहे ना.”

“पण टेस्टरचा एवढासा दिवा लावायला पुरत नाही?”

“नाही पुरत.”

“मग एवढी गाडी ओढायला कसा पुरेल?”

यावर गर्दी हसली. मला उत्तर माहीत होतं, पण ते द्यायला फळा लागला असता. इथवर मी ‘साहेब’ होतो. इथून पुढे मी ‘भाऊ’ झालो.

“भाऊ, यात न्यूट्रल कुठाय?”

“न्यूट्रलमध्येच आहे. हँडब्रेकही लावलाय.”

काकांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. मग त्यांनी गुडघ्यावर बसून गाडीच्या खाली नजर टाकली, उठले, गुडघे झटकले. “अर्थिंगच नाही तुमच्या गाडीला! जमिनीत पट्टी गेलेली दिसत नाही. चारही बाजूंनी रबर. अर्थिंग येणार कुठून? खड्डा घेऊन मीठ-कोळसा भरल्याशिवाय अर्थिंग होत नसतं.”

“खड्डे तयार आहेत काका,” कॉलेजचं एक पोर म्हणालं. “मीठ-कोळसा तेवढा आणायचा.”

माझी खरी चिडचिड इथे आहे. काका बरोबर होते. शंभरातले नव्व्याण्णव शब्द चुकीचे, पण ‘अर्थिंग’ हा एक शब्द अगदी वर्मावर. गाडीत प्रत्येक दिव्याला, प्रत्येक मोटरला दोन वायरी बॅटरीपर्यंत नेत नाहीत. प्लसची वायर जाते, परतीचं काम गाडीचा लोखंडी सांगाडा करतो. बॅटरीचं मायनस एका जाड वायरने बॉडीला आणि इंजिनाला बोल्टने आवळलेलं असतं. तिथे गंज चढला की छोटे दिवे लागतात, रेडिओ लागतो, सगळं छान चाललंय असं वाटतं, आणि सेल्फने शंभर-दीडशे अँपिअर मागितले की तो जोड हात वर करतो. मागच्या दिव्याचं अर्थिंग गेलं, तर ब्रेकचा करंट शेजारच्या इंडिकेटरमधून परतीची वाट शोधतो. म्हणून ब्रेक दाबला की इंडिकेटर. भूतबाधा नाही, काही नाही. हे पैसे घेणाऱ्या एकाही इलेक्ट्रिशियनच्या तोंडून निघालं नाही, आणि निघालं ते मीठ-कोळशासकट.

पण तेव्हा हे मनन करायला उसंत कुठली? काकांनी “जाऊ द्या, यांना कंपनीत न्यावी लागेल” म्हणत बॉनेट धाडकन आपटलं. (भाऊचा मी ‘यांना’ झालो होतो. माझ्यादेखत, माझ्याबद्दल, सभेशी बोलणं सुरू होतं.) “मारा एकदा चावी,” ते सहज म्हणाले.

मी चावी मारली आणि गाडी सुरू झाली.

टाळ्या पडल्या. बॉनेटच्या दणक्याने आतला सैल लग क्षणभर जागेवर बसला होता. पण हे मी कुणाला सांगणार, आणि कुणी ऐकलं असतं? काका खिडकीशी वाकले, आणि मग तो चावीचा प्रश्न आला. यानंतर चहा झाला. काकांचा, पोरांचा, भेळवाल्याचा, आणि एका इसमाचा, ज्याने या प्रकरणात काडीचंही काही केलं नव्हतं. पैसे मी दिले. गाडी चालूच ठेवून दिले, बंद करायची हिंमत नव्हती.

आज सकाळी शेजारच्या मुलाला स्टिअरिंगवर बसवलं. मल्टिमीटर मी मागेच एमजी रोडवरून आणला होता, बॅटरी उभ्या गाडीत १२.६ व्होल्ट आणि चालू गाडीत १४.१ व्होल्ट दाखवते हेही तपासून झालं होतं. म्हणजे बॅटरी चांगली, अल्टरनेटर चांगला, आणि जुना अल्टरनेटर, जो बहुधा तितकाच चांगला होता, आमच्या बाल्कनीत तुळशीशेजारी. मीटरची एक पिन बॅटरीच्या मायनसला लावली, दुसरी बॉडीच्या उघड्या लोखंडाला. पोराला म्हटलं, मार सेल्फ. या दोन टोकांमध्ये, सेल्फ फिरत असताना, पाव व्होल्टच्या वर काही दिसता कामा नये. मीटरने तीनच्या वर आकडा दाखवला. मायनसची वायर हाताने हलवली, तर आकडा खालीवर नाचायला लागला. लगच्या तोंडावरचं रबर सोललं, तर आत तांबं नव्हतंच, हिरवी पूड होती.

सापडला! मी त्या हिरव्या पुडीचा फोटो काढला, मीटरचा व्हिडिओ काढला, पुरावा खिशात घालून इलेक्ट्रिशियनकडे गेलो. त्याने व्हिडिओ बघितला. “मीटरवर गाडी चालते का साहेब?” म्हणाला. मग वायर कापली, नवा लग दाबून बसवला, बॉडीवरचा रंग खरवडून बोल्ट आवळला. पानवाल्याकडून पान येऊन ते चघळून होईपर्यंत काम संपलं. बिल असं: लग चाळीस रुपये, मजुरी तीनशे, चेकिंग दोनशे.

“चेकिंग तर मी केलं.”

“पण खात्री मी केली ना.”

एवढ्या महिन्यांत, एवढ्या गॅरेजांत, एका माणसाने मीटर काढून दोन पिना टेकवल्या असत्या, तर नवी बॅटरी, कार्बन, अल्टरनेटर, सगळं वाचलं असतं. चाळीस रुपयांचा लग. मीटर सगळ्यांकडे असतो, भिंतीला खिळ्यावर टांगलेला. काढत कुणी नाही. अंदाजपंचे दाहोदरसे एकेक पार्ट बदलत जायचं. फॉल्ट गेला तर कौशल्य त्यांचं, नाही गेला तर गाडी जुनी.

दोनशे रुपये देताना मी म्हटलं, आता एवढं झालंच आहे, तर तो ब्रेक दाबला की डावा इंडिकेटर लागतो, तेवढं बघून टाका. मागच्या दिव्याचं अर्थिंग असेल. त्याने मला ब्रेक दाबायला लावला, मागे जाऊन पाहिलं, परत आला.

“लागतोय की.”

“तोच तर प्रॉब्लेम आहे.”

“लागतोय म्हणजे चालू आहे,” तो म्हणाला. “लागायचा बंद झाला, की आणा.”